तीस जणींची ओ

"ढोले, हे लाल दिवे पाहून माझा बीपी वाढून राहिला. हिरवे करा."

बोबडे सर माझ्या खुर्चीमागे उभे होते. एक हात माझ्या खांद्यावर, दुसरा स्वतःच्या छातीवर. समोरच्या पडद्यावर साठ मशिनींचे नंबर एकाखाली एक लागले होते आणि साठच्या साठ नंबरांपुढे लाल ठिपका होता.

"सर, मशिनी चालू आहेत. सॉफ्टवेअर नवीन आहे, अजून नीट बसलं नाही."

"मग बसवा ना बाप्पा! उद्या समिती येऊन राहिली. त्यांच्यासमोर हा शिमगा ठेवता काय?"

ही गोष्ट धामणखेडच्या इंजिनिअरिंग कॉलेजातली. बोबडे सर तिथले प्राचार्य आणि मी, प्रफुल्ल ढोले, कॉम्प्युटर लॅबचा इनचार्ज. समिती म्हणजे पुढच्या वर्षी आम्हाला किती मुलं घेऊ द्यायची ते ठरवणारी मान्यता समिती. साठ मुलांच्या वर्गाला साठ मशिनी हव्यात असा तिचा नियम होता आणि आमच्याकडे धड चालणाऱ्या तीसच होत्या. उरलेल्या तीस त्या सकाळी टेम्पोत बसून सावळीहून आल्या होत्या.

सावळीला आमच्याच संस्थेचं मुलींचं तंत्रनिकेतन होतं. तपासणीचे दिवस आले की संस्थेतल्या खुर्च्या, पुस्तकं, सूक्ष्मदर्शकं आणि प्रसंगी माणसंसुद्धा या गावाहून त्या गावाला फिरायची. एक ग्रंथपाल तर दोन तपासण्यांना हजर राहिला होता, एकीला मिशीसकट आणि दुसरीला मिशी काढून. याला कोणी लबाडी म्हणत नसे. "लग्नघरी शेजारची भांडी आणतोच ना आपण," असं बोबडे सर म्हणायचे आणि ते इतक्या निरागस चेहऱ्यानं म्हणायचे की ऐकणाऱ्यालाच आपल्या मनात पाप आहे असं वाटायचं.

दिव्यांची कल्पनाही त्यांचीच. नागपूरकडच्या कुठल्या तरी कॉलेजात त्यांनी असा पडदा पाहिला होता. तिथले प्राचार्य केबिनमध्ये चहा पीत बसायचे आणि समोर सगळ्या मशिनींचे दिवे हिरवेगार. "आपल्याकडे हे पाह्यजेच," म्हणाले. मी फुकट मिळणारं एक सॉफ्टवेअर शोधलं. आमच्या सर्व्हरवर, म्हणजे लॅबच्या मुख्य मशिनीवर, लिनक्स ही प्रणाली होती आणि मुलांच्या मशिनींवरही लिनक्सच होतं, कारण तेही फुकट मिळायचं. सॉफ्टवेअर काय करतं ते सरांना समजावताना मी म्हणालो होतो, "सर, ते दर थोड्या वेळानं प्रत्येक मशिनीला तिच्या नंबरानं हाक मारतं. ओ आली तर हिरवा दिवा, नाही आली तर लाल. आणि नुसती ओ आली म्हणून गप्प बसत नाही. ओ देणारी तीच का, हेही आवाजावरून ओळखतं."

"म्हणजे हजेरीच की!"

"हजेरीच, सर. फक्त दुसऱ्याची ओ द्यायची प्रॉक्सी चालत नाही."

ते बसवताना मात्र माझी वाट लागली. आधी त्याला लागणारी एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा गठ्ठा, सापडेना. ती मिळाली तर तिला दुसरी हवी होती, आणि त्या दुसरीला तिसरी. सगळं जमून आलं तेव्हा दिव्यांचं पानच उघडेना. ते उघडलं तर सगळे दिवे लाल. मी स्वतः सर्व्हरवर बसून एकेका मशिनीला हाक मारली की ओ यायची, सॉफ्टवेअरनं मारली की शुकशुकाट. माझ्या सॉफ्टवेअरलाच कोणी जुमानत नव्हतं.

"तुमचं झालं असन तं आमच्या मशिनींसाठी एखादा फडका द्या ना जी. पार धुळीनं माखल्या."

मी मागे वळलो. सावळीच्या मशिनींबरोबर एक मुलगी आली होती आणि सकाळपासून ती त्या मशिनींच्या रांगेतून हलली नव्हती. मंजूषा इंगोले. तिथल्या लॅबची इनचार्ज, शिक्षिका आणि, तिनंच नंतर सांगितलं त्याप्रमाणे, झाडूवालीही तीच. टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून ती आली होती. मशिनी एकट्या पाठवायला तिनं साफ नकार दिला होता म्हणे.

"फडका तिथं खिडकीत आहे," मी जरा फणकाऱ्यानंच म्हणालो.

"तो पाहिला. त्यानं मशीन पुसली तं मशीनच मळन."

मी रुमाल काढून दिला. तिनं तो उलटसुलट करून पाहिला आणि घेतला. माझ्या संसाराची सुरुवात त्या रुमालानं झाली असं आमच्या घरी मी सांगतो. ते तिला मान्य नाही.

सॉफ्टवेअरचा घोळ शेवटी मला कळला तो स्वतःवर चिडल्यावरच. मी हाक मारत होतो ती सर्व्हरचा मालक म्हणून, आणि सॉफ्टवेअर चालत होतं ते एका साध्यासुध्या नोकराच्या नावानं. लिनक्समध्ये अशी हाक मारण्याचाही अधिकार लागतो आणि तो मी त्या बिचाऱ्याला दिलाच नव्हता. दिला, सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा सुरू केलं, आणि पडद्यावर हिरवे दिवे पटापट लागायला लागले. बोबडे सरांनी टाळी वाजवली.

ती टाळी विरायच्या आत गाडं पुन्हा अडलं. सावळीच्या तीस मशिनींना एकेचाळीसपासून सत्तरपर्यंतचे नंबर असायला हवे होते. ते दिवे लाल ते लालच राहिले. आणि आमच्या तीस, अकरा ते चाळीस नंबरवाल्या, ज्यांच्यात काही खोट नव्हती, त्या घटकेत हिरव्या आणि घटकेत लाल होऊ लागल्या.

"आता हे काय?" सरांचा हात पुन्हा छातीवर गेला.

"सर, तुम्ही केबिनमध्ये बसा. मी पाहतो."

ते गेल्यावर मी तारा हलवून पाहिल्या, स्विच बंद-चालू केला, सॉफ्टवेअरच्या नोंदींची पानंच्या पानं वाचून काढली. त्यात मला एकच तक्रार पुन्हा पुन्हा दिसत होती. अकरा नंबर ओ देतो, पण आवाज वेगळाच. बारा नंबर ओ देतो, आवाज वेगळाच. मग डोक्यात प्रकाश पडला.

"इंगोले मॅडम, तुमच्या मशिनी एक मिनिट बंद करता का? सगळ्या."

"काऊन?"

"करून तर पाहा."

तिनं रांगेचं बटण दाबलं. आमच्या तीस मशिनींचे दिवे हिरवे झाले आणि हिरवेच राहिले.

"तुमच्या मशिनींना नंबर कोणी दिले?"

"दुकानवाल्यानं. संस्थेच्या अध्यक्षसाहेबांच्या भाच्यानं."

आमच्याही त्यानंच दिले होते. संस्थेचं सगळं सामान त्याच एका दुकानातून यायचं. पठ्ठ्यानं एक मशीन तयार केली, तिची नक्कल सगळ्या मशिनींवर उतरवली, आणि दोन्ही गावांत अकरा ते चाळीस हेच नंबर वाटून मोकळा झाला. दोन गावांमध्ये ते खपून गेलं असतं. पण आता दोन्ही बिऱ्हाडं एका छपराखाली आली होती आणि एका नंबराच्या हाकेला दोघी ओ देत होत्या. मी त्याला फोनवर आधी विचारलं होतं, तेव्हा "पुढचेच नंबर दिले ना भाऊ" असं ठोकून दिलं होतं त्यानं.

"सोपं आहे," मी म्हणालो. "तुमच्या मशिनींचे नंबर बदलून टाकतो."

"नाही जी."

"अहो, फार वेळ लागत नाही."

"लागत नाही तं तुमच्या बदला."

"पाहुणे तुम्ही आहात."

"पाहुणीचंच नाव बदलायचं काय? हे बरं आहे तुमचं." तिनं रुमाल टेबलावर ठेवला. "हे पाहा ढोले सर. उद्या समिती तुमच्याकडे, परवा सकाळी आमच्याकडे. उद्या संध्याकाळी टेम्पो ह्या मशिनी घेऊन सावळीले जाईन. तिथं माझा सर्व्हर ह्याच नंबरांनी ह्यांना ओळखते. पोरींचं प्रॅक्टिकलचं सगळं काम ह्याच नंबरांवर बांधलेलं आहे. नंबर बदलले तं सकाळपर्यंत मी एकटी तीस मशिनी जुळवू केव्हा? समितीनं लॅब बंद पाहिली तं आमचा कोर्स बंद करन. संस्थेले काय, ते सुटले. पण आमच्या आजूबाजूच्या खेड्यातले बाप पोरींना सावळीच्या पुढं पाठवत नाहीत. सावळी बंद म्हणजे ह्या पोरी घरी."

ती हे भांडल्यासारखं बोलत नव्हती. टेम्पोचे टाइम सांगावे तसं सांगत होती. मी माझ्या मशिनींच्या रांगेत जाऊन बसलो आणि एकेकीचा नंबर बदलून एकेचाळीसपासून पुढचे द्यायला लागलो. थोड्या वेळानं तीही दुसऱ्या टोकापासून आमच्याच मशिनी घेत घेत आली. मधल्या मशिनीवर आमची गाठ पडली.

"तुमच्यात भाऊबहिणी किती?" तिनं विचारलं.

"मी धाकटा. काऊन?"

"तरीच ऐकलं."

संध्याकाळच्या आत साठही दिवे हिरवे झाले. बोबडे सरांनी केबिनमध्ये एक पडदा लावून घेतला आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला, पोस्टमनलासुद्धा, हात धरून आत नेऊन तो दाखवला.

दुसऱ्या दिवशी समिती आली. प्रमुख होते वऱ्हाडपांडे सर, हाडकुळे, पांढरे, निवृत्तीला आलेले आणि फारसं न बोलणारे. बोबडे सरांनी माझंच वाक्य त्यांना ऐकवलं: "सर, आपण हाक मारतो, मशीन ओ देते!" वऱ्हाडपांडे सरांनी मान हलवली. लॅबमध्ये त्यांनी मशिनी मोजल्या नाहीत. प्रत्येकीवर चिकटवलेली नंबराची चिठ्ठी मात्र जवळ जाऊन वाचली. मंजूषा कोपऱ्यात उभी होती. ती आमच्याच कॉलेजातली असं सांगायचं ठरलं होतं, पण त्यांनी तिला काही विचारलंच नाही.

सगळं पार पडलं असं वाटत असतानाच ते गाडीत बसताना म्हणाले, "उद्या सकाळी सावळी करतो आणि परतताना दुपारी पुन्हा इथे चक्कर टाकतो. सही तेव्हाच."

गाडी गेली. बोबडे सरांनी कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाले, "ढोले, टेम्पोले थांबवा. मशिनी इथंच राहतीन."

"सर, सावळीचं काय?"

"सावळीचं पाहू. सांगावं मशिनी दुरुस्तीले गेल्या म्हणून. तिथून ते गाडीनं येतीन, आपला टेम्पो त्यांच्या आधी पोचणार आहे काय? इथं साठ मुलांचा प्रश्न आहे बाप्पा."

"तिथं मुलींचा आहे, सर."

"मले माहीत नाही काय?" ते एकदम ओरडले, आणि लगेच त्यांचा आवाज खाली आला. "माहीत आहे. पण अध्यक्षसाहेबांनी विचारलं तं धामणखेडचं विचारतीन. सावळीचं कोणी विचारत नाही." मग त्यांना समितीच्या पंगतीला जायचं होतं. विश्रामगृहावर रोडगे आणि वांग्याची भाजी होती.

मंजूषा दारात उभी राहून सगळं ऐकत होती. ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं, मी चार समजुतीचे शब्द बोललो असतो आणि घरी गेलो असतो. ती रडली नाही. लॅबमध्ये गेली, आपल्या एका मशिनीसमोर बसली आणि म्हणाली, "उद्या सकाळी पोरी नवे ड्रेस घालून येतीन. सांगून ठेवलं होतं मी त्यांना, समिती येणार, नीट या म्हणून."

मी सर्व्हरपाशी बसलो. पडद्यावर साठ हिरवे दिवे होते आणि तसाच पडदा केबिनमध्ये होता. बोबडे सर मशिनी बघायला लॅबमध्ये कधी येत नसत. ते दिवे बघायचे. दिवे हिरवे तर जग हिरवं. आणि त्या क्षणी मला, ज्यानं आदला अख्खा दिवस प्रॉक्सी पकडण्यात घालवला होता, एक फार सुंदर कल्पना सुचली.

लिनक्समध्ये एका मशिनीला एकाहून जास्त नंबर देता येतात. ती त्या सगळ्या नंबरांच्या हाकेला ओ देते. आवाज ओळखायची जी यादी होती तिच्यात तीस जागी मी सर्व्हरचाच आवाज नोंदवला की झालं.

"मॅडम, टेम्पोवाला गेला का?"

"झाडाखाली झोपला आहे."

"उठवा त्याला. मशिनी मागच्या दारानं काढा. पण एकदम नाही, मी सांगतो तशा. एक मशीन बंद करायची, तिचा नंबर मला सांगायचा. मी तो नंबर सर्व्हरवर घेतला की मग पुढची."

ती खुर्चीतून उठली. "म्हणजे तुमचा सर्व्हर आमच्या मशिनींची ओ देईन?"

"तीस जणींची."

"अन् उद्या दुपारी ते लॅब पाहाले आले तं?"

"उद्याचं उद्या."

"नोकरी जाईन तुमची."

"जाईल," मी म्हणालो. त्या वेळी ते म्हणताना मला फार छान वाटलं. त्या वयात वाटतं.

मग आमचं काम सुरू झालं. ती रांगेत वाकून वायर काढायची आणि पुकारायची, "अकरा!" मी टाइप करायचो आणि म्हणायचो, "आली." "बारा!" "आली." हॉस्टेलच्या चार मुलांना मी धरून आणलं होतं. मशिनी आतून साफ करायला चालल्या आहेत असं त्यांना सांगितलं आणि त्यांनीही ते विश्वास ठेवल्यासारखं ऐकून घेतलं. गणपती उचलावा तशी एकेक मशीन दोघं मिळून नेत होते. मध्येच एकदा बावीस नंबरला माझं बोट चुकलं आणि पडद्यावर लाल ठिपका उगवला. "ढोले सर!" ती एवढ्या जोरात ओरडली की मुलांच्या हातातली मशीन पडता पडता राहिली. मी नंबर पुन्हा घातला. दिवा हिरवा झाला. आम्ही दोघं एकमेकांकडे पाहून असे हसलो, जसं काही एखादं बाळ पायरीवरून पडता पडता वाचलं.

शेवटी ती म्हणाली, "चाळीस."

"आली."

लॅबची एक बाजू रिकामी झाली होती. पडदा मात्र पहिल्यासारखाच भरलेला, साठच्या साठ हिरवा. टेम्पो सुरू झाला. ती ड्रायव्हरशेजारी चढली, मग पुन्हा खाली उतरली, माझा रुमाल घडी करून माझ्या हातात दिला आणि परत चढून बसली. मला वाटलं होतं काही तरी म्हणेल.

रोडगे खाऊन बोबडे सर परतले ते थेट केबिनमध्ये. पडद्याकडे पाहिलं, ढेकर दिली आणि समाधानानं घरी गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी समितीची गाडी आली. सरांनी त्यांना लॅबकडे वळूच दिलं नाही. ऊन होतं, केबिनमध्ये कूलर होता, थंड ताक होतं. मला बोलावून दारापाशी उभं केलं आणि पडद्याकडे हात केला. "पाहा सर. कालपासून एक दिवा हलला नाही. साठच्या साठ!"

वऱ्हाडपांडे सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पडद्याजवळ गेले. वरून खाली बोट फिरवत आणलं.

"बोबडे, हे अकरा ते चाळीस नंबर."

"हो सर. हिरवेगार."

"ह्या मशिनी मी आज सकाळी सावळीला पाहिल्या. त्याच चिठ्ठ्या, तेच नंबर. एकीचा कोपरा फुटलेला होता, तोसुद्धा तसाच." ते वळले. "मग इथे ओ कोण देऊन राहिलं?"

बोबडे सरांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कूलर घरघरत होता.

"सर्व्हर, सर," मी म्हणालो.

"कोणाची?"

"तीसही जणींची."

"एकटा?"

"हो सर."

वऱ्हाडपांडे सरांच्या ओठाचा एक कोपरा किंचित हलला. "माझी सगळी उमर शिकवण्यात गेली. एका पोरानं फार तर तिघांची ओ दिलेली पाहिली आहे मी." मग ते बोबडे सरांकडे वळले आणि तो कोपरा पुन्हा सरळ झाला. "त्या सावळीच्या मुलीला मी विचारलं, ह्या मशिनी काल कुठे होत्या. तिनं सांगून टाकलं, धामणखेडला होत्या. आता तुम्ही काही सांगता, की मी लिहू?"

बोबडे सरांनी ताकाचा पेला पुढे सरकवला. वऱ्हाडपांडे सरांनी लिहिलं. धामणखेडला तीस मशिनी, म्हणून तीसच मुलं. सावळीचा कोर्स जसा होता तसा कायम.

खरं सांगतो, आपली मुलं निम्मी झाली याचं मला त्या वेळी फारसं काही वाटलं नाही. माझ्या डोक्यात एकच वाक्य घुमत होतं. तिनं सांगून टाकलं. मी इथे नोकरी पणाला लावून तीस जणींची ओ देत बसलो आणि तिला "इथंच होत्या" एवढे दोन शब्द बोलता आले नाहीत. मला फार लागलं ते.

गाडी गेल्यावर बोबडे सरांनी अध्यक्षसाहेबांना फोन लावला आणि मग खुर्चीत बसले. त्यांना चिडायचं होतं, पण जमत नव्हतं.

"ढोले, फसवलं त्याचं दुःख नाही रे. पण माझ्याच केबिनमध्ये? माझ्याच पडद्यावर? काल रात्री घरून चपराश्याले फोन करून विचारलं मी, दिवे हिरवे आहेत ना. तो म्हणे, हिरवे आहेत. किती सुखानं झोपलो होतो मी." त्यांनी पडद्याची वायर स्वतःच्या हातानं ओढून काढली. "अध्यक्षसाहेब तुम्हाले काढा म्हणून राहिले. मी त्यांना म्हटलं, त्याच्यापेक्षा वाईट शिक्षा देतो. सावळीले पाठवतो."

सावळी म्हणजे आमच्या संस्थेतलं अंदमान. तिथे बदली झाली की माणसं वशिले शोधत फिरायची. मी सरांकडे पाहिलं. ते टेबलावरचं पेपरवेट फिरवत होते आणि माझी नजर टाळत होते. त्या माणसाला सगळं कळलं होतं.

पुढच्या आठवड्यात मी एसटीतून सावळीला उतरलो. हातात बॅग होती आणि मनात ठरवलेलं भाषण. लॅब शोधायला वेळ लागला नाही, सगळं तंत्रनिकेतन म्हणजे एक लांब पत्र्याची इमारत होती. आत प्रत्येक मशिनीसमोर एक मुलगी बसली होती. मंजूषा फळ्यापाशी होती. मला पाहून ती बाहेर व्हरांड्यात आली.

"रागावले काय जी?"

ठरवलेलं भाषण मी विसरलो. "तुम्ही सांगून टाकलं," एवढंच म्हणालो.

"हो."

"मी तिकडे काय करून बसलो होतो, माहीत होतं तुम्हाला."

"हो." तिनं मान खाली घातली नाही. "त्या सरांनी विचारलं ना, तेव्हा 'इथंच होत्या' हे पार ओठावर आलं होतं. पण मागं पोरी उभ्या होत्या. मशिनी जाताना त्यांनीच टेम्पोत चढवल्या होत्या अन् आल्या तेव्हा त्यांनीच उतरवल्या. ह्याच पोरींची मी रोज हजेरी घेते. एकीनं दुसरीची ओ दिली तं दिवसभर उभी करते तिले. त्या सगळ्या माझ्याकडे पाहून राहिल्या होत्या. मशिनीनं खोटी ओ दिली तं चालते ढोले सर, तिले माहीत नसते. मले माहीत होतं ना."

मी बॅग खाली ठेवली. माझा राग अजून होता, पण त्याला उभं राहायला जागा उरली नव्हती.

"तुमचं नाव नाही घेतलं मी," ती हळूच म्हणाली. "पण ते तुमच्यापर्यंत येईन हे समजत होतं. तुमची नोकरी गेली असती तं..." ती थांबली. मग घाईघाईनं आत गेली आणि एक पुडा घेऊन आली. लॅबच्या खिडक्यांमधून सगळ्या मुली बाहेर बघत होत्या. तिनं पुडा माझ्यापुढे धरला. "घ्या. पेढा घ्या. कोर्सला मान्यता मिळाली ना, त्याचे आहेत."

"मॅडम," खिडकीतून एक बारीक आवाज आला, "मान्यतेचे तं आपण तेव्हाच खाल्ले!"

"हो मॅडम," दुसरी म्हणाली. "हे तं आज सकाळी आणले तुम्ही."

मंजूषा इंगोले कानापर्यंत लाल झाली. पुडा तिच्या हातात तसाच राहिला.

"मग हे कशाचे?" मी विचारलं.

तिनं खिडक्यांकडे पाहिलं. एकही मुलगी जागची हलली नव्हती. मग तिनं माझ्याकडे पाहिलं आणि त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"तुमचे."